कडुलिंबाच्या काडीचं माप

बीदरच्या चौबाऱ्याच्या बुरुजाजवळ खाजामियांचं बुटाचं दुकान होतं. त्या दिवशी त्या दुकानात पाऊल टाकलं आणि मला आधी दिसले ते पाय. बाकावर एक माणूस बसला होता, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून. वर्तमानपत्राखाली काळी पँट, आणि पँटीखाली दोन उघडे पाय. उजवा ऐटीत पुढं, आणि डावा त्याच्या आड दडलेला... पाव्हण्यांपुढं यायला लाजणाऱ्या लेकरासारखा.

मी उंबऱ्यातच थबकले. अगं बाई! हे पाय तर माझ्या ओळखीचे!

आता तुम्ही म्हणाल, नुसत्या पायांवरून माणूस कसा ओळखला? तर ऐका.

महिनाभर आधी मला बघायला पाव्हणे आले होते. आमचं गाव खटकचिंचोळी. मैसूरचं कर्नाटक होऊन तेव्हा जेमतेम साल उलटलं असेल. मी मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची, आणि गावभर तोंडाळ म्हणून नावाजलेली. नाव पंचशीला. अप्पांनी मोठ्या हौसेनं ठेवलेलं, पण आईनं त्याची पार पंची करून टाकली. आईचं नाव कोंडाबाई, आणि तिच्यापुढं आमचे अप्पासुद्धा हळू आवाजात बोलायचे. तिनं आदल्या दिवसापासून धाक घातला होता.

"पंचे, उद्या मान वर केलीस तर माझ्याशी गाठ हाय. खाली बघायचं. विचारलं तेवढंच बोलायचं."

मग काय करते! बसले पाटावर, खाली मान घालून. आणि खाली मान घातल्यावर माणसाला दिसतं काय? पाय! सतरंजीवर नुसते पायच पाय. एका मामाचे भेगाळलेले, एका काकाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. आणि मधोमध एक तरणी जोडी... स्वच्छ, नखं कापलेली, फक्त घोट्यापाशी लाल मातीची बारीक रेघ राहून गेलेली. मी निरखून बघत राहिले. दुसरं काम काय होतं मला? बघता बघता लक्षात आलं, डावा पाय उजव्याहून लहान आहे. बोटभर तरी. जरा बारीकही.

मी बघतेय हे त्या पायांच्या मालकाला कळलं असावं. कारण तो डावा पाय हळूच — अगदी हळूच — मागं सरकला आणि उजव्याच्या आड जाऊन बसला.

खरं सांगू? तिथंच माझा जीव जडला. मुलाचं नाव नरसिंग आहे, तो नौबादच्या शाळेत मास्तर आहे, पगार वेळेवर होतो, हे सगळं मी नंतर ऐकलं. आईनं विचारलं, "पोरगा कसा वाटला गं?" मी म्हणाले, "चांगलाय." तोंड बघितलं होतं कुणी!

पायाचं मात्र मी कुणालाच बोलले नाही. पाव्हणे निघाले तेव्हा मुलगा किंचित लंगडतोय हे दारातल्यांना दिसलं होतं, पण त्याच्या मामानं "वाटंत ठेच लागलीय" म्हणून वेळ मारून नेली. आणि आमची आई कशी, तर आधीचं एक स्थळ तिनं नुसतं मुलगा डावखुरा म्हणून परत लावलेलं. पायाचं कळलं असतं तर लग्न तिथंच मोडलं असतं. आणि मला तर ते लग्न हवं होतं. ते पाय हवे होते.

आमच्याकडं नवरदेवाचे बूट मुलीकडच्यांनी घ्यायचे असतात. माप म्हणून मुलाकडून काडी येते, पायाच्या लांबीइतकी कापलेली. नरसिंग मास्तरांच्या घरून कडुलिंबाची काडी आली. एकच. कोणत्या पायाची, हे मी तरी ओळखलं होतं.

बीदरला जायचं म्हणून आम्ही पहाटेची बस धरली. माझ्यासाठी लग्नाचं पांढरं लुगडं घ्यायचं होतं, म्हणून अप्पांबरोबर मीही. माघाचा महिना, खिडकीतून बोचरं वारं यायचं, बाहेर हरभऱ्याच्या रानावर धुकं अंथरलेलं. मी आपली त्या धुक्यात कुणाकुणाला चालताना बघत होते... आणि शेजारून आवाज आला. कच्... कच्... कच्.

वळून बघते तर अप्पा डोळे मिटून दातवण करायलेत! घाईत दात घासायचे राहिले होते. हात खिशात गेला, हाताला कडुलिंबाची काडी लागली, आणि जन्माच्या सवयीनं ती तोंडात गेली.

"अप्पा! माप!"

अप्पांनी दचकून काडी बाहेर काढली. शेंड्याची पार कुंचली झाली होती. त्यांनी काडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चावलेलं टोक मोडून खिडकीबाहेर टाकलं आणि उरलेली काडी धोतराला पुसून खिशात ठेवली.

"आईला सांगू नगं," एवढंच म्हणाले.

असं ते माप घेऊन आम्ही दुकानात शिरलो, आणि बाकावर ते पाय! अप्पांचं काही तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी खाजामियांच्या हातात काडी दिली.

"चाचा, जावयासाठी बूट पायजेत. काळे. टोकदार. आन् वाजणारे."

"वाजणारे?" खाजामिया हसले. "अब कौन पेनता माणिकराव वैसे?"

"माझा जावई घालंल. चावडीवर बसलेल्यांना लांबनं ऐकू याला पायजेत."

मला ठाऊक होतं हे कुठून येतंय ते. अप्पा तरणे होते तेव्हा आमच्या माणसांनी गावच्या वेशीपाशी आलं की पायातलं काढून हातात घ्यायचं, चावडी ओलांडेपर्यंत अनवाणी चालायचं, असा रिवाज होता. स्वतःच्या लग्नातसुद्धा अप्पा जोडे काखेत मारून गावात आले होते. पुढं दिवस बदलले, धम्म घेतला, ते सगळं मागं पडलं. पण अप्पांच्या मनात एक राहून गेलं होतं... आपल्या जावयानं वेशीतून कर्रकर्र करत यावं.

तेवढ्यात अप्पांनी खांद्याला हात लावला. "आरं, माझी थैली? च्या प्यालो त्या हाटेलातच राहिली की!" आणि तसेच धोतर सावरत पळाले. खाजामिया खोकी काढायला माळ्यावर चढले.

दुकानात उरलो आम्ही दोघं. आणि ते वर्तमानपत्र.

दारासमोर कुणीतरी लाल धुळीवर पाण्याचा सडा मारला होता. ओल्या मातीचा वास आत येत होता, नव्या कातड्याच्या वासात मिसळत होता. कुठंतरी टांग्याची घंटा वाजली. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. पण तोंड गप्प बसेल तर शपथ!

"मघापासनं एकच पान वाचायलात. बोटं दुखायलीत का?"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. आधी केस, मग कपाळ, मग दाट भुवया, आणि मग दोन डोळे... मी पहिल्यांदा त्यांचं तोंड बघितलं. सावळा चेहरा, हसू दाबल्यानं ओठाचा एक कोपरा वर गेलेला. बाई गं, अगदी त्या पायांना शोभेल असंच तोंड होतं!

"बूट घ्याला आलात?" त्यांनी विचारलं. मी ओळखलं नाही असं त्यांना वाटत होतं. मीही वाटू दिलं.

"न्हाई, वांगी घ्याला."

"कुणासाठी... वांगी?"

"हाय एक जण."

"कसाय दिसायला?"

"मला काय ठावं? आईनं मान वर करू दिली न्हाई."

ते हसले. मग हसता हसता थांबले. "म्हणजे... न बघताच व्हय म्हणलात?"

"न बघता कोण म्हणलं?" मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाले. त्यांना काही उमगलं नाही. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"समजा..." ते म्हणाले.

"समजलं."

"अजून काय सांगितलंच न्हाई मी!"

"मग सांगा की."

"समजा, त्या माणसात काय उणं असंल. आन् त्याच्या मामानं ते लपवलं असंल. त्याला ते पटत नसंल... घास गोड लागत नसंल. मग एक दिवस त्याच्या कानावर यील की मुलीचा बाप बूट घ्याला बीदरला यायलाय. तो ठरवंल, आज सगळं सांगून टाकायचं. येऊन बसंल दुकानात. आन् बाप दारात दिसला की..."

"पेपरमागं लपंल."

"व्हय," ते पडेल आवाजात म्हणाले.

"लई भित्रा दिसतोय."

"लई."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही येऊ लागलं. हा माणूस घास गोड लागेना म्हणून इथवर आला होता! मी तोंड फिरवून दाराकडं बघत राहिले.

खाजामिया खाली आले. त्यांनी अप्पांच्या मनाजोगे बूट काढले... काळे कुळकुळीत, टोकदार, नुसते पाय सरकवायचे. काडी आत घालून बघितली. आता काडीच तोकडी झालेली, तेव्हा बूटही तसलेच निघाले.

"चाचा, जरा मोठे काढा," मी म्हणाले. "आन् हे घालून बघतील. माझ्या... त्या माणसाचा पाय यांच्यासारखाच हाय."

नरसिंग मास्तर गडबडले. पण खाजामियांनी आठ नंबरचे पुढं ठेवल्यावर उठले. उजवा पाय बुटात नीट बसला. डावा घालताना त्यांनी माझ्याकडं पाठ केली. आणि चालायला लागले. कर्र... आणि दुसऱ्या पावलाला फटक्! डावा बूट मागं राहिला आणि पाय पुढं गेला.

ते तसेच उभे राहिले, पाठमोरे. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. वाकून बूट उचलायचंही त्यांना सुचेना.

मीच उठले. बूट उचलून बाकावर ठेवला.

"चाचा, हे सरकवायचे नगत. नाडीचे द्या, म्हंजे आवळून बांधता येतात. उजवा आठ नंबर. आन् डावा सात."

खाजामियांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "दो जोडियाँ फोडनेकू बोल रई क्या बेटी? अब इसके उल्टे पाँववाला दामाद मैं कहाँसे लाऊँ?" असं पुटपुटत पुन्हा माळ्यावर चढले.

नरसिंग मास्तर वळले. 

"तुम्हाला... कधीपासनं?"

"मान खाली व्हती माझी. डोळं मिटलेलं नव्हतं."

"म्हणजे त्या दिवशी..."

"सगळं बघितलं."

"मग व्हय कामून म्हणलात?"

आता ह्याला काय सांगायचं? माझी सगळी तोंडाळपणाची पुंजी तेवढ्यात संपली. मी त्यांच्या पायांकडं बघितलं... तोंडाकडं बघून बोलवेना.

"तुम्ही पाय मागं घेतला न्हवं," मी म्हणाले, "तवाच... आवडलात मला."

माळ्यावर खाजामिया खोकी हलवत होते.  नरसिंग मास्तर माझ्याकडं बघत राहिले, आणि ओठाचा तो कोपरा हळूहळू वर गेला.

"घरच्या माणसानं लपव म्हणावं, आन् तुम्ही..." त्यांनी डाव्या पायाकडं बघितलं. "लहानपणी ताप आला व्हता. बाकी अंग वाढलं, ह्यो पाय तेवढा मागं राहिला. चालतो मी. मैलभर शाळेला चालतच जातो."

"मला कामून सांगायलात? मी काय तुम्हाला पळवून बघणार हाय?"

ते हसले. पण लगेच गंभीर झाले. "अप्पांना सांगतो मी."

"नगं!" मी एकदम म्हणाले. "आईच्या कानावर गेलं तर मोडंल. बूट घेऊ, बांधून घेऊ, कुणाला कळायचं न्हाई. लग्न झाल्यावर काय व्हायचं ते होऊ दे."

"लपवून घेतलेल्या बुटात मला चालता यायचं न्हाई, पंचशीला."

माझं आख्खं नाव! घरात कुणी घेत नव्हतं. त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. आणि नेमके त्याच वेळी अप्पा थैली काखेत मारून दारात उभे.

"जय भीम, मामा," नरसिंग मास्तर म्हणाले. एका पायात बूट, एक पाय उघडा. आणि तो उघडा पाय त्यांनी आड घेतला नाही.

"जावईबापू? तुम्ही हितं?" अप्पा आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं बघू लागले. "आन् पंचे, तू..."

"मामा, आधी माझं ऐका. मग काय बोलायचं ते बोला."

आणि त्यांनी सांगितलं. ताप, पाय, ठेच लागली म्हणून मारलेली थाप, एकाच पायाची काडी. काही राखून ठेवलं नाही. "तुम्ही न्हाई म्हणलात तर मला राग न्हाई," असंही म्हणाले. मी पदर घट्ट धरून उभी. अप्पा त्या पायाकडं बघत राहिले... बघतच राहिले. शेवटी त्यांनी खाजामियांनी ठेवलेली काडी उचलली, गुडघ्यावर बसले आणि डाव्या पायाला लावली.

काडी तंतोतंत बसली.

"माप तर बराबर हाय," अप्पा गोंधळून म्हणाले.

मला हसू फुटलं. आवरू म्हटलं तरी आवरेना. "अप्पा, ती काडी उजव्या पायाची व्हती! बाकीची तुम्ही खाल्लाव की!"

आधी नरसिंग मास्तरांना काही कळेना. मग कळलं. मग तेही हसायला लागले, आणि अप्पा कपाळाला हात लावून खाली बसले. "म्हंजे तुमच्या मामानं एक लपवलं, आन् म्या एक," असं म्हणून मिशीत हसले. मग एकाएकी माझ्याकडं वळले.

"तुला ठावं व्हतं?"

"पयल्या दिवसापासनं."

"आन् तरी व्हय म्हणलीस?"

"अप्पा, तेवढंच तर बघितलं व्हतं मी."

अप्पांनी काडी खिशात ठेवली. मग नरसिंग मास्तरांना म्हणाले, "वेशीतनं चालत येशाल? गाडी न्हाई, घोडा न्हाई. पायात बूट घालून. चावडीवरनं."

"येतो, मामा. पण जरा लंगडतो मी."

"लंगडत या. नाचत या. फकस्त बूट हातात घ्याचे न्हाईत."

 नरसिंग मास्तर वाकले आणि त्यांच्या पाया पडले.

आईला सांगायचं काम अप्पांनी छाती ठोकून स्वतःकडं घेतलं, आणि घरी आल्यावर तीनदा पाणी पिऊन बाहेर जाऊन बसले. शेवटी मीच सांगितलं. आई लाटणं हातात धरून तशीच राहिली. तिनं एवढंच विचारलं, "त्यानं सोता सांगितलं?" मी म्हणाले, "सोता." मग ती पुन्हा पोळी लाटू लागली. पण रुखवताची बांधाबांध करताना मला दिसलं, तिनं जुन्या मऊ लुगड्याची एक घडी शिवून डाव्या बुटात बसवली होती.

वैशाखात लग्न झालं. मी मांडवात पांढऱ्या लुगड्यात बसलेली, आणि वेशीकडून हलगीचा आवाज यायला लागला. चावडीपाशी हलगी थांबली. अप्पांनीच थांबवायला सांगितली होती. सगळं गाव गप्प झालं. आणि त्या शांततेत ऐकू आलं...

कर्र... कुर्र. कर्र... कुर्र.

एक आठ नंबरचा, एक सात नंबरचा. दोन्हींचा आवाज वेगळा. अप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. आवाज जवळ येईपर्यंत ते हलले नाहीत. मग मात्र त्यांनी पटक्याच्या शेवाला डोळे पुसले आणि "आला माझा जावई!" म्हणून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले.

इतक्या हौसेनं घेतलेले ते बूट, पण बुद्धमूर्तीपुढं वंदनेला उभं राहायचं म्हणून मांडवाच्या तोंडाशी काढावे लागले. मी हार हातात घेऊन उभी राहिले, आईनं सांगितल्यासारखी, खाली मान घालून. आणि समोर ते आले. दोन उघडे पाय, घोट्यापाशी लाल मातीची रेघ. मी बघत राहिले. उजवा जागच्या जागी थांबला, आणि डावा... तो लाजरा, दडणारा, माझा लाडका डावा पाय... एक पाऊल पुढं येऊन अगदी माझ्या पायासमोर उभा राहिला.

"आता तरी मान वर कर की," ते हळूच म्हणाले.

"थांबा हो," मी म्हणाले, "ह्याला बघू द्या आधी डोळं भरून."

चौबाऱ्याजवळच्या दुकानात वरच्या फळीवर खाजामियांनी एक जोडी पुष्कळ वर्षं जपून ठेवली होती. उजवा सात, डावा आठ. आम्ही दोघं कधी तिकडून गेलो की ते दुकानातून हाक मारायचे, "बेटी, मिला क्या उल्टा दामाद?" आणि नरसिंग मास्तर माझा हात धरून, भर बाजारात, कर्र कुर्र करत पुढं चालायला लागायचे.